मिऱ्यांचे भाव : कांहीं रूढ विधानांचें परीक्षण

इतिहासाच्या ग्रंथांत कांहीं विधानें अशीं असतात कीं, तीं एका ग्रंथांतून दुसऱ्यांत व दुसऱ्यांतून तिसऱ्यांत उतरत जातात, पण त्यांचें मूळ कोणी पाहात नाहीं. हस्तलिखितांचे पाठभेद पाहणारांस हा प्रकार नवा नाहीं. एका पोथींत घुसलेला अपपाठ पुढील दहा पोथ्यांत सांपडला म्हणून तो शुद्ध ठरत नाहीं. त्या दहाही पोथ्या एकाच मातृकेवरून उतरलेल्या आहेत, एवढेंच त्यावरून सिद्ध होतें. मिऱ्यांच्या भावाविषयीं जीं विधानें प्रचलित आहेत तीं याच जातीचीं आहेत. मिरें हा जिन्नस आपल्या किनाऱ्यावरील. त्याच्या लोभानें पोर्तुगीज, वलंदेज व इंग्रज या देशांत आले. तेव्हां त्याच्या भावाविषयीं काय खरें व काय खोटें हें पाहणें हें आपणां संशोधकांचें काम आहे.

प्रस्तुत लेखांत आम्ही तीन विधानें परीक्षणास घेतों. पहिलें असें कीं, प्राचीन काळीं मिरें सोन्याच्या भारोभार विकलें जात असे. दुसरें असें कीं, जें मिरें काळिकतांत ३ डुकाटांस मिळे तें व्हेनिसमध्यें ८० डुकाटांस विके, आणि वास्को द गामानें १४९८ सालीं नवा मार्ग काढतांच व्हेनिसचा व्यापार बुडून युरोपांत मिरें स्वस्त झालें. तिसरें असें कीं, १५९९ सालीं वलंदेजांनीं मिऱ्याचा भाव रत्तलास ३ शिलिंगांवरून ८ शिलिंगांवर नेला, आणि त्या पांच शिलिंगांच्या रागानें इंग्रजांची ईस्ट इंडिया कंपनी जन्मास आली. या तिन्हींच्या तळाशीं एक चौथें गृहीत दडलेलें आहे. तें म्हणजे युरोपांतील भाव हाच जगाचा भाव. त्याचाही विचार पुढें ओघानें येईल.

परीक्षणाची कसोटी आधीं सांगून ठेवितों. साल दिलेलें असलें तरी तेवढ्यानें भाव प्रमाण होत नाहीं. भाव हा पांच अंगांनीं पूर्ण होतो : जिन्नस नेमका कोणता, वजन कोणतें, नाणें कोणतें, ठिकाण कोणतें, आणि तो भाव कोणाचा, म्हणजे खुल्या बाजारांतील कीं सत्तेनें ठरवून दिलेला. यांपैकीं एक अंग गळालें तर आंकडा दिसावयास आंकडा राहतो, पण प्रमाण म्हणून त्याची किंमत राहात नाहीं.

(१) सोन्याच्या भारोभार

पहिल्या विधानास आधार म्हणून रोमन ग्रंथकार प्लिनी याचें नांव घेण्यांत येतें. त्याच्या निसर्गवर्णनाच्या बाराव्या खंडांत भाव खरोखरच दिलेले आहेत, व ते स्पष्ट आहेत. पिंपळीस रत्तलामागें १५ देनारियस, पांढऱ्या मिऱ्यास ७, व काळ्या मिऱ्यास ४. देनारियस हें रुप्याचें नाणें. २५ देनारियसांची एक सोन्याची ऑरियस. नीरो बादशहानें इ. स. ६४ त नाण्यांचें वजन घटविल्यानंतर एका रोमन रत्तल सोन्याच्या ४५ ऑरियस पाडीत. म्हणजे सोन्याच्या एका रत्तलाचे ११२५ देनारियस झाले. या हिशेबानें काळें मिरें सोन्याच्या सुमारें २८० व्या हिश्श्यानें विकत होतें. पिंपळी ७५ व्या हिश्श्यानें. रुप्याशीं ताडून पाहिलें तरी, एका रत्तल रुप्याचे ९६ देनारियस पाडीत असल्यामुळें, मिरें रुप्याच्या २४ व्या हिश्श्याचें होतें. त्या काळीं रोमच्या पायदळ शिपायास वर्षास २२५ देनारियस पगार होता. रोमन रत्तल आपल्या २८ तोळ्यांचा. तेवढें मिरें घेण्यास शिपायास साडेसहा दिवसांची मजुरी पडे. जिन्नस महाग खरा, पण सोन्याच्या पारड्यांत घालण्याजोगा नव्हे.

येथें पहिल्या अंगाचाही घोटाळा झालेला दिसतो. लोकप्रिय ग्रंथांत १५ देनारियस हा आंकडा पुष्कळदां 'मिऱ्याचा भाव' म्हणून दिलेला आढळतो. तो पिंपळीचा आहे. हा घोटाळा नांवामुळें झाला आहे. ग्रीकांचें 'पेपेरी' व रोमनांचें 'पिपेर' हीं दोन्ही आपल्या 'पिप्पली' शब्दावरून आलीं, 'मरिच' शब्दावरून नव्हेत. पिंपळीचें नांव पुढें मिऱ्यास चिकटलें. आपल्याकडे मात्र त्रिकटु म्हणतांना वैद्य सुंठ, मिरें व पिंपळी हीं तीन निरनिराळीं मोजतो, म्हणून असा घोटाळा आपल्या ग्रंथांत होत नाहीं. परभाषेतील नांवावरून जिन्नस ठरवूं नये, याचें हें उत्तम उदाहरण आहे.

संस्कृत कोशांत मिऱ्याचे वेल्लज, कोलक, ऊषण असे पर्याय आहेत. त्यांतच 'यवनप्रिय' असेंही एक नांव सांपडतें. या एका शब्दावर मोठमोठ्या इमारती उभारलेल्या आम्हीं पाहिल्या आहेत. कोशांतला शब्द आवड सांगतो, भाव सांगत नाहीं. तीच गोष्ट अकनानूरु या तमिळ संग्रहाची. यवनांचीं जहाजें मुचिरीस सोनें घेऊन येत व मिरें घेऊन परत जात, असें त्यांत वर्णन आहे. सोनें हें मोबदल्याचें साधन होतें एवढाच त्याचा अर्थ; जितकें सोनें तितकेंच मिरें, असा अर्थ कवीस अभिप्रेत नाहीं व कोणा टीकाकारानें तो काढूंही नये. मुचिरीस मिरें ढिगांनीं जहाजांत भरत होते. मिसर देशांतील बेरेनिके बंदराच्या उत्खननांत तेथील देवळांत एका हिंदी रांजणांत सुमारें साडेसात किलो काळें मिरें सांपडलें. जिन्नस रांजणांनीं साठविण्याइतका होता, हें त्यावरून दिसतें.

अलारिकाची कथाही याच मालिकेंतील. गॉथ राजा अलारिक यानें रोमला वेढा घालून खंडणी मागितली, तींत ५,००० रत्तल सोनें, ३०,००० रत्तल रुपें, ४,००० रेशमी अंगरखे, ३,००० रंगविलेलीं कातडीं व ३,००० रत्तल मिरें होतें, असें झोसिमस या ग्रंथकारानें लिहिलें आहे. हा प्रसंग ४०८ चा. रोमची लूट ४१० ची. पुष्कळ ठिकाणीं दोन्ही एकत्र करून मिरें लुटींत घातलेलें आढळतें. या यादीवरून मिऱ्याची अफाट किंमत काढणारांनीं एक साधा गुणाकार केला असता तर बरें झालें असतें. प्लिनीच्या भावानें ३,००० रत्तल मिऱ्याचे १२,००० देनारियस, म्हणजे पावणेअकरा रत्तलांच्या आंतबाहेर सोनें होतें. मध्यें सव्वातीनशेंहून अधिक वर्षें गेलीं आणि भाव पालटले असतील, तरी ५,००० रत्तल सोन्यापुढें मिऱ्याचा वांटा किती लहान होता, हें दाखविण्यास एवढें पुरे आहे. मिरें त्या यादींत आलें तें राजवैभवाचें लक्षण म्हणून.

(२) तीन डुकाट आणि ऐशीं डुकाट

आतां दुसरें विधान. ३ व ८० हे आंकडे इतके प्रसिद्ध आहेत कीं, त्यांचा उच्चार झाला म्हणजे नफा सव्वीस पटींहून अधिक, असा हिशेब वाचकाच्या मनांत आपोआप होतो. पण दोन्ही आंकड्यांचें वजन एकच आहे काय ? व्हेनिसमध्यें मिरें 'कार्गो' या वजनानें विकत, व तें सुमारें १२० किलोंचें होतें. पोर्तुगीजांचें वजन किंटाल. त्याचे जुनें व नवें असे दोन प्रकार, एक सुमारें ५१ किलोंचा व दुसरा सुमारें ५९ किलोंचा. मलबारांत 'भार' या वजनानें व्यवहार होई, व तो बंदरोबंदरीं निराळा. कार्गोचे ८० डुकाट व किंटालाचे ८० डुकाट यांत दुपटीहून अधिक अंतर पडतें. ज्यानें कोणीं हे दोन आंकडे प्रथम शेजारीं मांडले त्यानें वजन सांगितलें नाहीं, व मागाहून येणारांनीं तें विचारलें नाहीं.

शिवाय हें ८० कोणत्या वर्षींचे ? व्हेनिसचें तुर्कांशीं १४९९ पासून १५०३ पर्यंत युद्ध चालू होतें. त्याच सुमारास तेथील पेढ्या बुडाल्या, आणि पोर्तुगीजांच्या जहाजांची वार्ता येऊन बाजार घाबरून गेला. अशा वर्षांतील भाव हा दुष्काळांतील धान्याच्या भावासारखा होय. तो नित्याचा भाव म्हणून घेतां येत नाहीं. त्याआधींच्या शंभर वर्षांकडे पाहिलें तर उलटच चित्र दिसतें. मिसरचा सुलतान बरसबाय (कारकीर्द १४२२ ते १४३८) यानें मिऱ्याचा मक्ता आपल्या हातीं घेऊन व्हेनिसच्या व्यापाऱ्यांवर चढे भाव लादले. तो काळ सरल्यावर भाव उतरत गेले. अमेरिकन पंडित फ्रेडरिक लेन यानें १९६८ त गामापूर्वींचे मिऱ्याचे भाव एकत्र मांडून दाखविलें कीं, पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धांत व्हेनिसमध्यें मिरें महाग होत नव्हतें. तेव्हां महागाईमुळें पोर्तुगीज बाहेर पडले, हेंही म्हणणें टिकत नाहीं.

आणि तरीही, म्हणजे ८० डुकाट किंटालाचे मानले आणि ते नित्याचे मानले, तरी मिरें सोन्याच्या बरोबरीस येत नाहीं. डुकाटांत साडेतीन ग्रॅम सोनें. ८० डुकाटांत २८० ग्रॅम. पन्नास किलो मिऱ्यास २८० ग्रॅम सोनें, म्हणजे पावणेदोनशेंवा हिस्सा. विधान करणारांचे स्वतःचे आंकडेच त्यांच्या विधानाविरुद्ध साक्ष देतात.

व्हेनिसचा व्यापार बुडाल्याच्या गोष्टीचेंही असेंच आहे. आरंभीचीं कांहीं वर्षें व्हेनिसचीं जहाजें अलेक्झांड्रियाहून रिकामीं परत आलीं, हें खरें. १५०१ पासून पोर्तुगीजांचें मिरें अँटवर्पच्या बाजारांत येऊं लागलें, हेंही खरें. पण लेन यानेंच १९३३ व १९४० च्या आपल्या लेखांत दाखविल्याप्रमाणें, सोळाव्या शतकाच्या मध्यास तांबड्या समुद्राचा मार्ग पुन्हा जिवंत झाला, आणि १५६० च्या सुमारास व्हेनिसमध्यें येणारें मिरें गामापूर्वीं येत होतें त्याहून कमी नव्हतें. सुमात्राच्या अचीन येथील मुसलमान व्यापारी पोर्तुगीजांस चुकवून मिरें थेट तांबड्या समुद्रांत नेत. उलट अँटवर्प येथील पोर्तुगीज राजाची वखार १५४९ त बंद झाली. समुद्रावर तोफा असल्या म्हणजे भाव हातीं येतो, ही समजूत येथें खोटी ठरते.

या लेनच्या मताचेंही परीक्षण झालें आहे. ओ'रूर्क व विल्यमसन या दोघांनीं २००९ त प्रसिद्ध केलेल्या लेखांत असें म्हटलें कीं, मिऱ्याचा नुसता भाव पाहून उपयोगी नाहीं. सोळाव्या शतकांत युरोपांत धान्य व इतर जिनसा महाग होत गेल्या, त्यांच्या मानानें मिरें स्वस्त झालें, म्हणून गामाच्या प्रवासाचा युरोपच्या गिऱ्हाइकास फायदाच झाला. त्यांचा मुद्दा विचारार्ह आहे. नाण्याची किंमत पडत असतां स्थिर राहिलेला भाव हा वस्तुतः उतरलेला भाव होय, हें आपल्या बखरी व हिशेब वाचणारांसही ठाऊक असलें पाहिजे. लेन यानें विचारलें कीं, व्हेनिसचा मार्ग मेला काय. या दोघांनीं विचारलें कीं, गिऱ्हाइकास मिरें स्वस्त पडलें काय. प्रश्न दोन आहेत, म्हणून उत्तरेंही दोन आहेत, व त्यांत विरोध नाहीं.

आमचा आक्षेप निराळा आहे. हे सर्व पंडित ज्या भावांवर वाद घालतात ते सारे युरोपच्या टोंकाचे आहेत. मिरें जेथें पिकतें तेथें काय होत होतें ? पोर्तुगीजांनीं सोळाव्या शतकाच्या आरंभींच कोचीनच्या राजाशीं ठराव करून मिऱ्याचा भाव बांधून टाकला, व पुढें बाजार चढत गेला तरी हा भाव दशकानुदशकें तसाच धरून ठेविला. त्याचा परिणाम व्हावयाचा तोच झाला. चांगलें, वाळलेलें मिरें बैलांच्या तांड्यांवर घाट चढून पूर्व किनाऱ्यास व विजयनगरच्या मुलखांत जाई, किंवा गुपचूप तांबड्या समुद्राच्या जहाजांत चढे. फिरंग्यांच्या तराजूंत कच्चें, ओलें, माती मिसळलेलें मिरें पडे. तेव्हां कोचीनचा ठरावाचा भाव हा मलबारांतील मिऱ्याचा भाव नव्हे. तो तोफेच्या धाकानें मिळणाऱ्या वाईट मिऱ्याचा भाव होय. पांचवें अंग, म्हणजे भाव कोणाचा, हें न पाहिल्यास येथें फसगत निश्चित आहे.

चौथें गृहीतही येथेंच गळून पडतें. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोनें लिहून ठेविलें आहे कीं, अलेक्झांड्रियास मिऱ्याचें एक जहाज जात असेल तर चीनच्या झैतून बंदरांत शंभर येतात. त्याच्या शंभरांतून अतिशयोक्ति वजा केली तरी दिशा स्पष्ट राहते. मिऱ्याचें मोठें गिऱ्हाईक पूर्वेस होतें, आणि हिंदुस्थानांत घरोघरीं होतें. युरोप हें एक टोंक. त्याच्या भावास जगाचा भाव म्हणणें म्हणजे पेठेंतील एका दुकानाचा निरख साऱ्या शहराचा म्हणून सांगणें होय.

(३) पांच शिलिंगांची कंपनी

तिसरें विधान इंग्रज लेखकांच्या लाडकें आहे. एवढें मोठें साम्राज्य, आणि त्याचें बीज मिऱ्याच्या पांच शिलिंगांत, ही विसंगति वाचकास गोड वाटते. म्हणूनच तिच्याकडे संशयानें पाहिलें पाहिजे. १५९९ सालीं 'वलंदेजांनीं भाव वाढविला' असें म्हणावयाचें तर एकमुखानें भाव ठरविणारी वलंदेजांची संस्था तेव्हां हवी. ती नव्हती. त्यांच्या निरनिराळ्या शहरांत निरनिराळ्या कंपन्या एकमेकींशीं चढाओढ करीत होत्या. त्यांचें एकीकरण होऊन संयुक्त कंपनी झाली ती १६०२ त. शिवाय १५९९ च्या जुलैंत फान नेक याचीं जहाजें मिऱ्यांनीं भरून अ‍ॅम्स्टरडॅमला परत आलीं होतीं. माल येऊन पडला असतां भाव एकाएकीं पावणेतीन पट कां व्हावा, याचें उत्तर कथा सांगणारांनीं दिलेलें नाहीं.

कंपनीचे मूळ कागद उपलब्ध आहेत. १५९९ च्या सप्टेंबरांत लंडनच्या व्यापाऱ्यांनीं ३०,१३३ पौंडांची वर्गणी लिहून काढली. त्या वेळच्या कागदांत कारण दिलें आहे तें असें कीं, वलंदेजांच्या सफरीस यश आलें व ते नव्या सफरीची तयारी करीत आहेत, तेव्हां आपणही मागें राहूं नये. भाववाढीच्या रागाचें नांव तेथें नाहीं. दुसऱ्याचा नफा पाहून व्यापारी धांवला, हें कारण कथेपेक्षां फिकें आहे, पण तें कागदांत आहे. सनद मिळाली ३१ डिसेंबर १६०० रोजीं.

पुढें काय झालें हें या कथेचे लेखक सांगत नाहींत, आणि भावाच्या इतिहासांत तेंच अधिक महत्त्वाचें आहे. लँकेस्टरच्या हाताखालीं निघालेली पहिली सफर १६०३ त परत आली, ती १० लक्ष रत्तलांहून अधिक मिरें घेऊन. लंडनमध्यें प्लेगची सांथ चालू होती. राजाजवळही पकडलेल्या जहाजांतील मिरें पडून होतें व तें आधीं विकलें जावें असा त्याचा आग्रह होता. मिऱ्यास गिऱ्हाईक मिळेना. शेवटीं भागीदारांस नफ्याऐवजीं मिरेंच वांटून द्यावें लागलें. ज्या जिनसाच्या महागाईंतून कंपनी निघाली म्हणतात, त्याच्या स्वस्ताईनें तिच्या पहिल्या सफरीचे भागीदार हैराण झाले.

यांत मिऱ्याच्या भावाचा खरा नियम दिसतो. जायफळ व लवंग हीं थोड्या बेटांवर पिकत, म्हणून वलंदेजांस तीं मुठींत धरतां आलीं. मिरें मलबारांत, कानड्यांत, सुमात्रांत, बांतमांत, सर्वत्र पिके. वलंदेजांनीं १६६३ त कोचीन घेतलें, १६८२ त बांतमांतून इंग्रजांना हुसकून लाविलें. इंग्रज १६८५ त सुमात्राच्या बेंकुलेन येथें जाऊन बसले व पुन्हा मिरें पाठवूं लागले. मिऱ्याची मुठ कोणासच आंवळतां आली नाहीं. क्रिस्टोफ ग्लामान या डॅनिश पंडितानें १९५८ त वलंदेजांच्या हिशेबवह्यांवरून दाखविलें आहे कीं, सतराव्या शतकाच्या मध्यास त्यांच्या परतीच्या मालाच्या किंमतींत निम्मा वांटा मिऱ्याचा होता, तो शतकाअखेर एकदशांशाच्या आसपास आला. कापड पुढें सरलें, मिरें मागें पडलें. इंग्रजांच्या कायद्यांत नाममात्र भाड्यास 'मिऱ्याच्या दाण्याचें भाडें' म्हणतात; तर जुन्या फ्रान्समध्यें महाग वस्तूस 'मिऱ्यासारखी महाग' म्हणत. एकाच दाण्याचे हे दोन वाक्प्रचार शेजारीं ठेवले म्हणजे काळानें काय केलें तें कळतें.

आपल्या प्रांतांत तर त्याचें नांवही दुसऱ्यानें नेलें. अमेरिकेहून पोर्तुगीजांबरोबर आलेल्या तिखट फळास मरिच शब्दावरूनच 'मिरची' नांव पडलें, व परसांत उगवणाऱ्या या फुकटच्या तिखटानें रोजच्या आमटींतून मिऱ्यास हुसकून मसाल्याच्या डब्यांत बसविलें. मिऱ्याची मागणी किती व कां घटली याचा विचार करणारानें वलंदेजांच्या हिशेबांबरोबर ही मिरचीही लक्षांत घ्यावी.

(४) अलीकडील साक्ष

जुन्या काळाविषयीं आम्ही म्हणतों त्याची परीक्षा अलीकडच्या काळांत करून पाहतां येते. मिरवेल लावल्यापासून फळ धरावयास तीन-चार वर्षें जातात. भाव चढला म्हणजे जो तो वेल लावतो. ते सर्व एकदम फळास आले म्हणजे भाव कोसळतो. मग वेलांची निगा सुटते, ते मरतात, आणि पुन्हा भाव चढतो. मध्येंच कोणी सारा माल अडवून भाव हातीं घेऊं पाहतो. ऑग्सबर्गचा कोनराड रोट यानें पोर्तुगीज मिऱ्याचा मक्ता घेऊन हा उद्योग केला, व १५८० त त्याचें दिवाळें निघालें. लंडनमध्यें गाराबेद बिशिर्ज्यान यानें पांढऱ्या मिऱ्याचा सारा माल अडवूं पाहिला. फेब्रुवारी १९३५ त तो डाव कोसळला व पुढें त्यास तुरुंग पाहावा लागला. दोहोंमध्यें साडेतीनशें वर्षें, पण चूक एकच : मिरें दुसरीकडेही पिकतें हें विसरणें.

दुसऱ्या महायुद्धांत जपान्यांनीं १९४२ त वलंदेजांचीं बेटें घेतल्यावर तेथील मिऱ्याचे मळे उजाड झाले; त्यामुळें १९५० च्या सुमारास भाव फार चढले. त्याचा लाभ मलबारास झाला, तसाच ब्राझिलांत जाऊन राहिलेल्या जपानी शेतकऱ्यांसही झाला. त्यांनीं लाविलेले वेल तेव्हां फळास आले होते. अगदीं अलीकडे व्हिएटनामनें तोच धडा गिरविला. २०१५ च्या सुमारास मिऱ्याचा निर्यातीचा भाव टनास ९,००० डॉलरांपलीकडे गेला होता. शेतकऱ्यांनीं मळ्यांवर मळे लावले. २०२० च्या आरंभीं तोच भाव २,००० डॉलरांच्या आसपास येऊन ठेपला. गामा नाहीं, तोफा नाहींत, मक्ता नाहीं. वेलाची चाल व लोकांचा लोभ एवढ्यांनींच पांच वर्षांत हा फरक घडविला.

आणखी एक साक्ष आमच्या कसोटीच्या दृष्टीनें विशेष बोलकी आहे. बाहेरील स्वस्त मिरें आंत येऊन केरळ-कर्नाटकांतील बागाइतदार बुडूं नयेत म्हणून भारत सरकारनें डिसेंबर २०१७ त असा नियम केला कीं, किलोस ५०० रुपयांहून कमी किंमतीचें मिरें आयात करूं नये. त्यानंतरच्या काळांत कोचीच्या बाजारांत भाव याहून पुष्कळ खालीं होता. आतां कल्पना करा कीं, तीनशें वर्षांनीं कोणा संशोधकास जकातीचा एखादा कागद सांपडला व त्यांत ५०० रुपये हा आंकडा दिसला. पांचवें अंग न विचारतां त्यानें तो बाजारभाव म्हणून छापला, तर तो आज आपण कोचीनच्या ठरावाच्या भावाविषयीं करीत असलेलीच चूक करील.

(५) संग्राहकांस विनंति

आतां या परीक्षणाचा आपल्या कामाशीं संबंध सांगतों. युरोपच्या टोंकाचे भाव आज इतके चोख कां उपलब्ध आहेत ? व्हेनिसच्या व्यापाऱ्यांचीं पत्रें, लिस्बनचे करार, अ‍ॅम्स्टरडॅमच्या हिशेबवह्या त्या त्या ठिकाणीं जपून ठेवल्या गेल्या म्हणून. पिकविणाऱ्या टोंकाचें प्रमाण दुर्मिळ आहे, तें तेथें लेखन नव्हतें म्हणून नव्हे. कोंकणांत व कानड्यांत वाणी, दलाल, देवस्थानें व खोत हिशेब लिहीत होते. कारवारास इंग्रजांची वखार १६३८ त झाली ती मुख्यतः मिऱ्याकरितां. तिचे इंग्रजी कागद टिकले, पण तिला मिरें विकणाराच्या वह्या कोठें आहेत? राजवाड्यांनीं १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' प्रसिद्ध करून कागद गोळा करण्याची दृष्टि महाराष्ट्रास दिली. परंतु त्या दृष्टीनें गोळा करणाऱ्या पुष्कळ संग्राहकांचा ओढा शिक्क्याच्या सनदा, मोर्तबाचीं पत्रें व सचित्र पोथ्या यांकडेच राहिला. वाण्याची वही दिसावयास कुरूप, मोडी किरटी, शिक्का नाहीं, मोठें नांव नाहीं. ती रद्दींत जाते व तिच्या पानांच्या पुड्या होतात. सनदेंत राजा काय म्हणाला हें कळतें. वहींत लोकांनीं काय दिलें हें कळतें. भावाच्या इतिहासास दुसरें अधिक उपयोगी आहे.

म्हणून ज्यांच्या हातीं अशा वह्या येतात त्यांस आमचें सांगणें आहे. वही फोडून निवडक पानें ठेवूं नयेत. भाव एका पानावर असतो, पण शेर किती तोळ्यांचा हें दुसऱ्याच पानावर असतें. खंडी हा शब्द दिसला म्हणून वजन कळलें असें समजूं नये; मुंबईची खंडी ५६० इंग्रजी रत्तलांची व मद्रासची ५०० ची, मग गांवोगांवच्या खंड्यांची गोष्ट काय सांगावी ! रुपया कोणता, होन कोणता, बट्टा किती, हें वहींत जेथें असेल तेथें खूण करून ठेवावी. मिरें कीं पिंपळी, पांढरें कीं काळें, ओलें कीं वाळलेलें, हेंही टिपावें. आणि वही कोणाची, म्हणजे विकणाराची, घेणाराची कीं जकात उकळणाराची, हें सर्वांआधीं नोंदवावें; कारण तीच गोष्ट वही घरांतून हालली म्हणजे कायमची नाहींशी होते.

सोन्याच्या भारोभार मिरें विकल्याची कथा आम्ही खोडून काढली तरी ती बाजारांत चालूच राहील. गोड अपपाठ सहसा मरत नाहींत. त्यास उपाय एकच, तो म्हणजे शुद्ध मातृका समोर ठेवणें. ती मातृका युरोपच्या दप्तरांत अर्धी आहे; उरलेली अर्धी आपल्या माळ्यांवर व रद्दीच्या गठ्ठ्यांत आहे, आणि ती दरसाल थोडी थोडी कमी होत आहे.